मुंगळा आणि सुतार

काळा मुंगळा ज्यानें पाहिला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत सांपडणार नाहीं. गुळाची ढेप, आंब्याची साल, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची पायरी आणि झाडाखालीं वाळत टाकलेला सदरा, या सर्व ठिकाणीं त्याची आपली गांठ पडलेली असते. कोठें त्याला मुंगळा म्हणतात, कोठें डोंगळा. "गूळ तेथें मुंगळे" ही म्हण तर घरोघर चालू आहे. तथापि ओळख असणें आणि माहिती असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा अनुभव आम्हांस स्वतःस गेल्या वर्षीं आला. आणि तो फारसा अभिमानाचा नसल्यामुळें आधींच सांगून टाकलेला बरा.

नववीच्या वर्गांत कीटकांचा पाठ चालू होता. मुंगळा ज्या प्रजातींत मोडतो तिचें शास्त्रीय नांव कॅम्पोनोटस असें आहे, आणि पाश्चात्त्य देशांत या प्रजातीस 'सुतार मुंग्या' असें म्हणतात. आमच्यापाशीं जें पुस्तक होतें तें अमेरिकेंत लिहिलेलें होतें. सुतार मुंग्या घरांच्या तुळया कोरतात, त्यांत दालनें व बोगदे करून राहतात, असें त्यांत सचित्र वर्णन होतें. आम्हीं तें मुलांस समजावून सांगितलें, आणि उदाहरण म्हणून बेधडक आपल्याकडील मुंगळ्याचें नांव घेतलें. तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील सुतारकाम करितात. तो म्हणाला, "सर, मुंगळा तर जमिनींत राहतो. आमच्या बाबांनीं पुष्कळ जुने वाडे उतरविले. लाकडांत त्यांना वाळवी सांपडली, भुंगेरे सांपडले, पण मुंगळ्याचें घर कधीं सांपडलें नाहीं." यावर आम्हीं काय उत्तर दिलें? "पुस्तकांत तसें छापलें आहे, खालीं बैस."

त्याच आठवड्यांत वसतिगृहाच्या कोठीच्या दाराची चौकट आंतून पोकळ झाल्याचें एका मुलाच्या ध्यानांत आलें. पेन्सिलीचें टोंक सहज आंत गेलें. चौकटीवरून मुंगळ्यांची रांग तर रोजचीच होती. पाठ ताजा होता. मुलांनीं रांगेचा माग काढीत चिंचेच्या बुंध्यापाशीं त्यांचें वारूळ शोधून काढलें, आणि उकळत्या पाण्याचीं दोन पातेलीं व बाटलीभर घासलेट त्यांत ओतून तें नाहींसें केलें. आमची त्यास संमति होती; किंबहुना आम्ही तेथें उभे होतों. चार दिवसांनीं त्याच मुलाचे वडील चौकट बदलण्यास आले. त्यांनीं जुनी चौकट पटाशीनें उभी चिरली. आंत ओली माती, तिच्या नळ्या, आणि पांढरट मऊ वाळवीचे थवे! मुंगळा एकही नव्हता. "सर, यांत मुंगळा कुठें आहे?" एवढेंच ते म्हणाले. मुंगळे चौकटीवरून जात होते ते कोठींतील गुळाकडे.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाठाची दुरुस्ती आहे. ज्या मुलास आम्हीं खालीं बसविलें त्याचेंच म्हणणें बरोबर होतें, हें जेथें सर्व शाळा वाचील तेथें लिहिणें आम्हांस योग्य वाटतें.

आतां मुंगळ्याकडे वळूं. त्याचें पूर्ण शास्त्रीय नांव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. लिनियस या थोर शास्त्रज्ञाचे शिष्य, डेन्मार्कचे फाब्रिसियस, यांनीं १७८७ सालीं त्याचें पहिलें वर्णन केलें. 'कॉम्प्रेसस' म्हणजे दाबलेला. कॅम्पोनोटस ही प्रजाती पुढें १८६१ मध्यें ऑस्ट्रियाचे गुस्टाव्ह मायर यांनीं निराळी काढली, आणि आज तींत एक हजाराहून अधिक जाती मोजल्या जातात. आपल्या देशांतील मुंग्यांचा अभ्यास ज्यांनीं प्रथम नेटानें केला त्यांत मुंबई इलाख्याच्या वनखात्यांतील रॉटन यांचें नांव महाराष्ट्रानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्यांचा 'आमच्या मुंग्या' या अर्थाच्या मथळ्याचा प्रबंध मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या पत्रिकेंत १८९२ सालीं आला. पुढें १९०३ मध्यें बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे दोघेही पोटासाठीं दुसरें काम करणारे गृहस्थ होते. मुंग्या पाहणें हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग.

मुंगळ्याचा रंग काळा, परंतु चकचकीत नव्हे; कोळशाप्रमाणें निस्तेज. उन्हांत धरून पाहिल्यास पायांच्या बुडाशीं तांबूस झांक दिसते. एकाच वारुळांत लहान, मध्यम व मोठे असे निरनिराळ्या आकारांचे मुंगळे असतात. लहान सुमारें पाऊण सेंटिमीटर लांब, तर मोठा दीड सेंटिमीटर किंवा किंचित् अधिक. फरक केवळ लांबीचा नाहीं. लहानाचें डोकें निमुळतें व अंगास शोभेसें असतें. मोठ्याचें डोकें रुंद, मागें खांचलेलें, आणि इतकें जड कीं पाहणारास तो निराळ्या जातीचा प्राणी वाटावा. त्या डोक्यांत जबड्याचे बळकट स्नायु भरलेले असतात. ज्याला मोठा मुंगळा चावला आहे त्याला हें अधिक समजावून देण्याची जरूरी नाहीं. त्याला ओढून काढावें तर धड तुटून हातांत येतें आणि डोकें कातडीला चिकटून राहतें. "मुंगळ्यासारखा चिकटला" हें म्हणणें अगदीं शब्दशः खरें आहे.

भिंग घेऊन आणखी पाहावें. मिशा, म्हणजे डोक्यावरच्या दोन शृंगिका, कोपरांत वांकलेल्या असून प्रत्येकीस बारा पेरीं असतात. छातीचा वरचा भाग बाजूनें पाहिला असतां एका सलग कमानीसारखा दिसतो, मध्यें खळगा पडत नाहीं; ही या प्रजातीच्या बहुतेक जातींची चांगली खूण आहे. छाती व पोट यांना जोडणाऱ्या बारीक कमरेवर एकच उंचवटा असतो. नांगी नाहीं. मुंगळा जबड्यानें चावतो, आणि पोट पुढें वांकवून पोटाच्या टोंकाच्या छिद्रांतून एक आंबट तिखट द्रव उडवितो. हेंच फॉर्मिक आम्ल. चिरडलेल्या मुंगळ्याचा जो उग्र वास येतो तो त्याचाच.

येथें आमच्या भाषेची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लहान ती मुंगी आणि मोठा तो मुंगळा, असें आपलें व्याकरण. परंतु रांगेंतून जाणारा प्रत्येक मुंगळा, त्याचें डोकें केवढेंही असो, स्त्रीजातीचाच असतो. सर्व कामकरी माद्याच. मात्र त्यांस पंख नसतात, आणि अंडीं घालण्याचें काम राणीचें. खरे नर वर्षांतून थोडेच दिवस दिसतात. ते पंख असलेले, लहान डोक्याचे व दुबळे असतात. तेव्हां प्राणिशास्त्राच्या उत्तरपत्रिकेंत 'मुंगळा' पुल्लिंगी लिहिण्यास हरकत नाहीं, फक्त त्यास नर समजूं नये.

मग 'सुतार' हें नांव आलें कोठून? उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागांत याच प्रजातीची कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हानिकस नांवाची मोठी काळी मुंगी आहे. ती कॅनडापासून दक्षिणेकडे टेक्सास व फ्लॉरिडापर्यंत आढळते. तिकडे हिंवाळा कडक, घरें लांकडी. ही मुंगी ओलीनें कुजलेलें लांकूड पाहून त्यांत शिरते, मऊ भाग कोरून टाकते व कठीण भाग ठेवते. त्यामुळें तिचीं दालनें रंधा फिरविल्यासारखीं गुळगुळीत दिसतात, आणि बाहेर भुशाचा ढीग पडतो. परंतु एक गोष्ट आमच्या पुस्तकांतही होती व आम्हींच ती घाईंत गाळली: ही मुंगी लांकूड खात नाहीं. तो भुसा ती तोंडांत धरून बाहेर टाकून देते. सुतार लांकूड तासतो, खात नाहीं. नांव ठेवणारानें विचार करूनच ठेवलें होतें. यूरोपांतही हिच्या बहिणी आहेत; त्यांपैकीं एकीस लिनियसनें १७५८ मध्यें हर्क्युलिस या बलवान् वीराचें नांव दिलें. आपल्याकडेही या प्रजातीच्या कांहीं जाती कुजक्या लांकडांत किंवा पोकळ काटक्यांत राहतात. पण नांव एका प्रजातीचें आणि धंदा तींतील प्रत्येक जातीचा, असें नसतें. आडनांव सुतार असलेले आमचे एक सहकारी संस्कृत शिकवितात.

लांकूड खरोखर खाते ती वाळवी. तिला इंग्रजींत 'पांढरी मुंगी' म्हणण्याची जी चाल आहे तीही अशीच दिशाभूल करणारी. वाळवीचा मुंगीशीं कांहीं संबंध नाहीं. ती झुरळांच्या गोत्रांतली, आणि मुंगी गांधीलमाशीच्या. वाळवीचें अंग मऊ व फिकें, कमर बारीक नाहीं, शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या सरळ. उजेड व कोरडी हवा तिला सोसत नाहीं, म्हणून ती भिंतीवरून जातांना मातीची नळी बांधीत जाते. मुंगळा उघड्यावर, भर उन्हांतसुद्धां, फिरतो. चौकटीवर मातीची नळी दिसली तर ती वाळवीची, आणि नुसती काळी रांग दिसली तर ती येण्याजाण्याची वाट. हा भेद आमच्या वर्गास जर आधीं ठाऊक असता तर चिंचेखालचें तें वारूळ वांचलें असतें.

तें वारूळ मेलें होतेंच. तेव्हां त्यांतून जें शिकतां येईल तें शिकावें म्हणून आम्हीं दुसऱ्या दिवशीं कुदळ घेऊन तें उघडलें. वर तीन तोंडें होतीं आणि त्यांच्याभोंवतीं बारीक मातीच्या गोळ्यांचें कडें. आंतील वाटा चिंचेच्या मुळांना धरून गेल्या होत्या. मुळाची एक बाजू ही जणूं भिंत आणि दुसरी बाजू मातीची. हातभर खोलीपर्यंत वाटेला ठिकठिकाणीं चपटे कोनाडे फुटले होते, कांहीं बशीएवढे, कांहीं त्याहून लहान. मुळांना कोठेंही कोरलेलें नव्हतें. त्या सुताराच्या मुलानें प्रत्येक मूळ नखानें खरवडून पाहिलें, आणि आमच्याकडे न बघतां पुढचें हातीं घेतलें.

कोनाड्यांत तांदळाच्या मोठ्या दाण्यांसारखे पिवळसर कोश खच्चून भरलेले होते. मुंगळ्यांचीं रांग घर बदलतांना जीं 'अंडीं' तोंडांत धरून नेते असें आपण म्हणतों, तीं बहुधा अंडीं नसून हे कोश असतात. खरीं अंडीं फार बारीक. अंड्यांतून बिनपायांची अळी निघते. कामकरी तिला भरवितात. वाढ पुरी झाली म्हणजे ती आपल्याभोंवतीं रेशमी कोश विणते, आणि त्यांतून पुरा मुंगळा बाहेर येतो, तोही दायांनीं कोश फाडून दिल्यावर. त्या दिवशीं आम्हीं उघडलेल्या कोशांत पाय, डोळे, शृंगिका सर्व तयार असलेले, पण दुधासारखे पांढरे मुंगळे होते. मुलें गप्प झालीं. राणी आम्हांस सांपडली नाहीं.

अन्नाविषयीं पाहूं गेल्यास मुंगळा गोडखाऊ आहे हें सर्वांस माहीत आहे. तो गोड कोठून मिळवितो हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. गुळाची ढेप ही त्याच्या दृष्टीनें क्वचित् घडणारी मेजवानी. त्याची रोजची भाकरी झाडावर असते. बाभळीच्या कोंवळ्या फांदीवर काट्यासारखे दिसणारे, शिंगें असलेले लहान तपकिरी किडे रांगेनें बसलेले असतात. ते झाडाचा रस शोषितात व जास्तीचा गोड द्रव मागच्या बाजूनें टाकतात. मुंगळा शृंगिकांनीं त्यांच्या पाठीवर हलकेंच थोपटतो, थेंब येतो, तो पितो. गाईच्या कांसेला हात लावावा तसाच हा प्रकार. मोबदला म्हणून मुंगळे त्या किड्यांच्या शत्रूंना हांकून लावतात. कपाशीवरील माव्याशींही त्यांचा असाच व्यवहार चालतो, आणि त्यामुळें शेतकरी मुंगळ्यावर रागावतो तें अकारण नव्हे. पण खात्याची दुसरी बाजूही आहे. घोसाळ्याच्या वेलाला फुलांखेरीज पानांवरही मधाचे सूक्ष्म बिंदु स्रवणाऱ्या ग्रंथि असतात. त्यांच्या लोभानें मुंगळे वेलावर हिंडतात, आणि पानें खाणाऱ्या किड्यांना तेथें स्वस्थता मिळत नाहीं. काशी हिंदु विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं या घोसाळ्याच्या आणि मुंगळ्याच्या संबंधाचा बारकाईनें अभ्यास केला आहे.

पोट भरलें कीं मुंगळा घरीं परततो. पण त्याचें पोट एकट्याचें नसतें. खाल्लेला रस पोटांतील एका पिशवींत सांठतो, आणि वाटेंत भेटलेल्या भुकेल्या सोबत्यास तो तोंडाला तोंड लावून त्यांतला घोट देतो. रांगेंत दोन मुंगळे समोरासमोर थबकून 'कानगोष्टी' करितात असें जें वाटतें, तें पुष्कळदां हें देणेंघेणें असतें. वाट मात्र ते वासानें ओळखतात. पोटाच्या टोंकांतून निघणारा द्रव जमिनीला लावीत ते जातात. फरशीवरील रांगेवर ओलें बोट आडवें फिरवून पाहावें: दोन्ही बाजूंचे मुंगळे त्या रेघेशीं येऊन थांबतात, गोंधळतात, आणि कांहीं वेळानें एखादा धीट ती ओलांडतो. हा प्रयोग फुकट होतो व कोणाचें वारूळ बुडत नाहीं.

नुसत्या साखरपाण्यावर अंग कसें वाढतें, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. मुंगळे मेलेले किडेही ओढून नेतात. पावसाच्या रात्रीं दिव्याखालीं पडणारे पंखवाले किडे सकाळीं कोण उचलतो तें पाहावें. शिवाय या प्रजातीच्या आंतड्याच्या पेशींत एक प्रकारचे जंतु वस्ति करून असतात. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉखमान यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत ते प्रथम पाहिले, आणि २००० सालीं त्यांचेंच नांव या जंतूंना देण्यांत आलें. मुंगीच्या अन्नांत जें उणें पडतें तें हे जंतु तयार करून देतात, आणि आई तीं आपल्या अंड्यांतून मुलींस देते. हे जंतु युरियासारख्या टाकाऊ द्रव्यांतील नायट्रोजनही उपयोगांत आणूं शकतात. मुतारीच्या कोपऱ्यांत मुंगळे कां जमतात याविषयीं मुलें आपसांत हंसतात, विचारण्यास लाजतात. मधुमेहाच्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हें आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांनीं नोंदविलें आहे. पण मूत्रांत साखर नसली तरीही मुंगळा तेथें दिसतो, एवढ्यावरून कोणीं स्वतःस रोगी ठरवूं नये.

मुंगळ्याचा प्रदेश मोठा आहे. भारताच्या बहुतेक सर्व भागांत, आणि पूर्वेस म्यानमारपर्यंत, तो आढळतो. कोंकणच्या वाड्यांत, देशावरच्या माळांवर, वऱ्हाडांतील कपाशींत, शहरांतील रस्त्याकडेच्या झाडाखालीं, सर्वत्र तो आहे. त्यास झाडाचा आश्रय व खणतां येईल अशी जमीन एवढें पुरतें. त्याचा एक देखणा भाऊबंद, पोटावर सोनेरी लव असलेला कॅम्पोनोटस सेरिसियस, माळरानांत एकटा हिंडतांना दिसतो. तो आफ्रिकेंतही आहे. त्याची रीत निराळी. अन्न सांपडलें कीं तो घरीं जाऊन एकाच सोबत्यास घेऊन येतो. मागला पुढल्याच्या पोटाला व मागच्या पायांना शृंगिकांनीं शिवत चालतो. स्पर्श तुटला तर पुढला थांबून वाट पाहतो. जर्मनीच्या होल्डोब्लर आदि संशोधकांनीं १९७४ मध्यें याचें सुरेख वर्णन प्रसिद्ध केलें.

"मुंगीला मरणकाळीं पंख फुटतात" ही म्हण अर्धी खरी आहे. पावसाळ्याच्या सुमारास वारुळांतून पंख असलेले नर व माद्या बाहेर पडतात. नर लवकरच मरतात. मादी मात्र उतरल्यावर आपले पंख स्वतः गाळून टाकते, लहानसें बीळ खणून तें बंद करून घेते आणि अंडीं घालते. बाहेरचें अन्न न घेतां, उडण्याचे जे स्नायु आतां निरुपयोगी झाले तेच जिरवून, ती पहिल्या पोरींस वाढविते. म्हणून तिच्या पहिल्या पोरी फार लहान असतात. मोठ्या डोक्याच्या मुंगळ्या पुढें, घर वाढल्यावर, जन्मास येतात.

या वर्षीं पहिल्या पावसानंतर चिंचेच्या दुसऱ्या बाजूस, जेथें घासलेट पोहोंचलें नव्हतें, मातीच्या गोळ्यांचें एक बारीक कडें दिसूं लागलें. जुन्यांतले कोणी उरले कीं नवी राणी आली, हें वरून सांगतां येत नाहीं. त्या सुताराच्या मुलानें शेजारीं एक खुंटी ठोकली असून तोंडांची संख्या तो दर रविवारीं वहींत लिहितो. श्रावणाच्या अखेरीस तीं दोन होतीं. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं चार. आंतून येणाऱ्या मुंगळ्यांत मोठ्या डोक्याचा एकही त्यास अद्यापि दिसलेला नाहीं.